पंगतीत बसणारं मूल आणि मोठ्या हॉटेलातलं टेबल

वाचकाचा प्रश्न: बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सव्वाचारचा. दीड महिन्यानं सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होत आहेत. मुंबईचे मोठे दीर त्यासाठी येणार असून त्यांनी अलकापुरीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये रात्री नऊचं टेबल घ्यायचं ठरवलं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंची मुलं अशा जागी कधी गेलेली नाहीत. त्यांचं बाहेरचं खाणं म्हणजे सेव-उसळ, पावभाजी, फार तर रविवारची गुजराती थाळी. धाकटा वरण-भात, दही आणि बटाट्याची भाजी सोडून काही खात नाही आणि पंधरा मिनिटांवर एका जागी बसत नाही. थोरलीला काटा-सुरी धरता येत नाही. जाऊबाईंची मुलं मात्र सराईत. नवरा म्हणतो, दोघांना शेजारी ठेवू. सासूबाई म्हणतात, नातवंडांशिवाय कसला समारंभ! ‘माझी मुलं तिथे गावंढळ दिसतील, आणि खरं सांगायचं तर मीही,’ असं लिहून त्या विचारतात: मुलांना अशा ठिकाणी न्यायचं योग्य वय कोणतं, आणि दीड महिन्यात त्यांची तयारी होईल का?

उत्तर:

ताई, आधी वेळेचं बोलू, कारण तुमची निम्मी काळजी त्या ‘रात्री नऊ’मध्येच आहे.

नऊचं टेबल म्हणजे सगळे जमून, आजी-आजोबांसोबत फोटो निघून, मेनू हातोहात फिरून ऑर्डर जाईपर्यंत साडेनऊ. सूप आणि स्टार्टर पावणेदहाला, मुख्य जेवण सव्वादहाच्या पुढे, गोड येईतो अकरा. धाकटा एरवी साडेनऊला झोपत असेल, तर दहा वाजता तो जे काही करेल त्याचा वळणाशी काडीचाही संबंध नाही. सराईत मूलही त्या वेळी टेबलाखाली शिरतं. आणि पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसांना रात्री अकराला पनीर पचवायला लावणं हा त्यांचा फार मोठा सन्मान आहे, असंही नाही.

दिरांशी बोलताना म्हणूनच मुलांचं कारण पुढे करू नका. ‘आई-बाबांना लवकर जेवायची सवय आहे, साडेसातचं टेबल घेऊ या का?’ एवढं पुरे. ते खोटंही नाही. आपलं बडोदं उशिरा जेवतं. त्यामुळे सात-साडेसातला हीच रेस्टॉरंटं अर्धी रिकामी असतात, स्वयंपाकघरावर ताण नसतो, पदार्थ भराभर येतात आणि वेटरला तुमच्याकडे पाहायला सवड असते. त्याहून बरी दुपार. साडेबाराला गेलात तर मुलं ताजीतवानी असतात, तीनच्या आत सगळं आटोपतं आणि संध्याकाळी घरी निवांत गप्पा होतात. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला रात्रीचेच दिवे लागतात असं कुठे आहे?

आता योग्य वयाकडे. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: तिथे कुणीतरी मुलांची, आणि त्यांच्यामागून तुमची, परीक्षा घेणार आहे. घेणार कोण? वेटरला काळजी असते ती गरम ट्रे नेताना पायात कुणी येऊ नये, काच फुटू नये आणि शेजारच्या टेबलावरून तक्रार येऊ नये याची. काटा कुठल्या हातात आहे हे पाहायला त्याला फुरसत नसते. शेजारच्या टेबलावरची माणसं तर पैसे मोजून आपापल्या गप्पा मारायला आलेली असतात. त्यांना शांतता हवी असते, आणि ती मागायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे.

म्हणून टेबल मॅनर्सचे सरळ दोन ढीग करा. एका ढिगात दुसऱ्याला त्रास किंवा कुणाला इजा होईल अशा गोष्टी: धावणं, किंचाळणं, टेबलक्लॉथ ओढणं, दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, वाढणाऱ्याच्या आडवं येणं. दुसऱ्या ढिगात शोभेच्या गोष्टी: कुठला चमचा आधी, नॅपकिन कुठे, सूप कुठल्या बाजूनं. पहिला ढीग चौथ्या वर्षीही सक्तीचा, आणि सेव-उसळच्या गाडीवरही तितकाच सक्तीचा. दुसरा ढीग दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत सावकाश येऊ द्या. आईवडील बहुधा उलट करतात. सुरी कशी धरायची हे तासभर शिकवतात, आणि खुर्च्यांमधून पळणाऱ्या मुलाकडे ‘लहान आहे हो’ म्हणून कौतुकानं बघतात.

पहिल्या ढिगातलं बरंचसं तुमच्या मुलांना येतही असेल. घरात गणपतीला, मुंजीला पंगत बसते ना? डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि उसळ. समोर वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. वाढून होईपर्यंत हात मांडीवर. श्लोक होईपर्यंत घास नाही. नको असेल तेव्हा ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणायचं, ताटात टाकायचं नाही, आणि शेजारच्याचं होईपर्यंत उठायचं नाही. मोठ्या हॉटेलातल्या चार कोर्सच्या जेवणात याहून निराळं काय असतं? पदार्थ एकामागून एक येतात, सगळ्यांना मिळेपर्यंत थांबायचं, वाढणाऱ्याशी नीट बोलायचं आणि सगळ्यांबरोबर उठायचं. मुलांना नव्या दोनच गोष्टी असतात: टेबलाची उंची आणि दोन पदार्थांमधला वेळ. खरी तयारी या दोहोंची करायची.

उंचीचं आधी. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, खुर्चीची बैठक ४५. चार वर्षांचं मूल त्यात बसलं की टेबलाची कड त्याच्या छाती-खांद्यापाशी येते, हात वर उचलून खावं लागतं आणि सांडतं. पाय लोंबकळतात, म्हणून ते पुढे घसरतं, मग गुडघ्यावर बसतं, मग उभं राहतं. आपण म्हणतो चुळबुळ्या आहे. त्याला बसायलाच नीट मिळालेलं नसतं. हाय चेअर या वयात अडचणीची होते. मागायची ती बूस्टर सीट, म्हणजे खुर्चीला पट्ट्यानं बांधायची उंच बैठक. कोपर टेबलाच्या पातळीला आलं की उंची बरोबर. बूस्टर नसेल तर घरून दणकट, न दबणारी उशी न्या. घडी केलेली शाल घालू नका, ती दोन मिनिटांत सरकते. पायाखाली टेकायला पिशवी किंवा खोकं असलं तर मूल निम्म्यानं कमी हलतं.

आता वेळ. धाकटा पंधरा मिनिटं बसतो असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. अहो, चार वर्षांच्या मुलाला जेवायला तेवढीच मिनिटं लागतात! त्याचं जेवण संपतं, आपलं चालू असतं, एवढीच भानगड. अशा रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर दिल्यावर स्टार्टर यायला दहा-पंधरा मिनिटं आणि त्यानंतर मुख्य जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मुलाला हे रिकामे तुकडे पार करायला शिकवायचं, आणि ते घरी शिकवता येतं.

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, घरीच एकामागून एक वाढा. निराळा स्वयंपाक नको. आधी टोमॅटोचं सार वाटीत, चमच्यानं प्यायचं. हेच त्याचं सूप. वाट्या उचला आणि पाच मिनिटं काही येणार नाही असं आधीच सांगा. मग दोन-दोन कोथिंबीर वड्या. पुन्हा आठ मिनिटं. मग नेहमीचं जेवण, शेवटी चमचाभर श्रीखंड. दुसऱ्या आठवड्यात मधला वेळ दहा-बारा मिनिटांवर न्या. त्या वेळात मोबाइल, टीव्ही बंद. त्याऐवजी गाण्यांच्या भेंड्या, ‘ओळखा मी कोण’, किंवा आजोबांनी लहानपणचं काही सांगणं. पन्नास वर्षांचा संसार साजरा करणार आहात, तर आजी-आजोबांचं लग्न कसं झालं ही गोष्ट मुलांना आधीच माहीत असू दे. त्या दिवशी टेबलावर त्यांना विचारायला प्रश्न राहतील.

तिसऱ्या आठवड्यात बाहेर. इथे बरेच जण सरावाला गुजराती थाळीच्या हॉटेलात नेतात. जेवायला जरूर जा, सराव म्हणून नको. बसल्या बसल्या ताट भरतं, वाट्या रिकाम्या व्हायच्या आत वाढपी हजर, थांबायचं कुठे? बुफेचं तर मी स्पष्टच सांगते: सरावासाठी तो सगळ्यात वाईट. मूल दर पाच मिनिटांनी उठतं, ताटात पाच गोडं घेतं, आणि हॉटेलात फिरायचं असतं हाच धडा शिकतं. त्याऐवजी मेनूवरून ऑर्डर घेणारं मध्यम दर्जाचं, पांढऱ्या टेबलक्लॉथचं रेस्टॉरंट निवडा. मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी सात. एक सूप ‘वन बाय टू’, मुलांसाठी एक पदार्थ, तुमच्यासाठी एक, आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बाहेर. मुलं छान बसली म्हणून ‘चला, आता आइस्क्रीमही खाऊ’ असा मोह होतो, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं. जमतंय तोवर उठा. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच ठिकाणी, आता स्टार्टर आणि जेवण दोन्ही, तासभर. ओळखीच्या जागी मुलाचं निम्मं लक्ष इकडेतिकडे जायचं थांबतं. शेवटचा आठवडा मोकळा सोडा. आदल्या आठवड्यात तालमी केल्या की मुलांना आपलं टेन्शन बरोबर समजतं.

हॉटेलला फोन तुम्ही स्वतः करा, दिरांच्या नावावर टेबल असलं तरी. फोनवर एवढं विचारा: बूस्टर सीट आहे का; लहान मुलांना वेळेचं किंवा वयाचं बंधन आहे का; ठरलेला सेट मेनू आहे की मेनूवरून निवडता येतं; त्या दिवशी लाइव्ह संगीत आहे का, आणि असेल तर टेबल स्पीकरपासून लांब मिळेल का. जागा मागताना ‘भिंतीकडची, सोफ्याची’ असं सांगा. मुलं आतल्या बाजूला, मोठी माणसं वाटेकडे. स्वयंपाकघराच्या दारापाशी टेबल नको. तिथून गरम ट्रे सतत जातात आणि मुलाचा हात अचानक मागे गेला की सूप त्याच्याच अंगावर. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आपल्याकडे बारचा गोंगाट नसतो आणि अशा ठिकाणी कुटुंबंच जास्त दिसतात, हा तुमचा फायदा. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या वाचकांनी मात्र मुलांना न्यायच्या आधी विचारून घ्यावं. बार असलेल्या काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर लहान मुलांना आत घेत नाहीत.

खाण्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे ‘कमी तिखट करा’ एवढं सांगून भागत नाही. मोठ्या स्वयंपाकघरात माखनी, कढई, शाही अशा ग्रेव्ह्यांचं मूळ वाटण सकाळीच तयार असतं. त्यात घातलेली मिरची, गरम मसाला संध्याकाळी काढता येत नाही. आचारी फार तर साय ओतून देतो, आणि मूल तरीही ‘हाय हाय’ करतं. चायनीज आणि इटालियन पदार्थ दिसायला पांढरे असले तरी त्यांत मिरपूड असते. वेगळं करून मिळतं ते असं: फोडणी न घातलेलं वरण (‘डाळ तडक्याशिवाय’ म्हणा), साधा भात, दही, लोण्याची रोटी, उकडून परतलेला बटाटा, मिरपूड न घातलेला व्हाइट सॉस पास्ता. म्हणजे तुमच्या धाकट्याचा वरण-भात, दही, बटाटा हा आख्खा आहार पंचतारांकित हॉटेलात मिळतो! मेनूवर नसला तरी मागा. डाळ आणि भात त्यांच्याकडे असतातच. त्या रात्री त्याला नवं काही खायला लावू नका. नवी चव, नवी जागा, नवे कपडे आणि मुंबईचे काका-काकू, एवढं एकदम नको.

मुलांचं जेवण मोठ्यांच्या स्टार्टरबरोबर मागवा. ऑर्डर देताना सांगायचं, ‘मुलांचं आधी आणा, आमच्यासाठी थांबू नका.’ हे एक वाक्य विसरलं की मुलांचं ताट शिस्तीत सगळ्यांबरोबर, पाऊण तासानं येतं. मॉकटेल सुरुवातीला नको. २५०-३०० मिलिलिटर गोड पाणी प्यायलेलं मूल जेवत नाही, आणि एसीत दोनदा बाथरूमला जातं. ते जेवणानंतर, गोडाऐवजी. घरून उपाशी नेऊ नका आणि पोटभरही घालू नका. साडेसातचं टेबल असेल तर सहाला वाटीभर वरण-भात. ‘आता काही खाऊ नकोस, तिथे भरपूर मिळणार आहे’ म्हणून भुकेलं ठेवलेलं मूल ब्रेडच्या टोपलीवर तुटून पडतं, आणि ती संपली की रडतं.

ॲलर्जी असेल तर ‘काजू आहे का’ असं नाव घेऊन विचारा; पांढऱ्या आणि माखनी ग्रेव्ह्यांत तो वाटलेला असतो, दिसत नाही. घरी शुद्ध शाकाहार असेल तर आजीसाठी आणि मुलांसाठी तीन प्रश्न जास्तीचे: भाज्यांच्या सुपाचा स्टॉक कशाचा आहे, थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आहे का, आणि पॅना कोटा किंवा मूसमध्ये जिलेटिन आहे का. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, हे पुष्कळांना गोड खाऊन झाल्यावर कळतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी मसाला काजू, आख्खे शेंगदाणे ठेवू नका, घशात अडकतात. काडीवरचा कबाब काडी काढून द्या. सिझलरची लोखंडी थाळी मुलांच्या बाजूला नको. आणि धूर निघणारं पेय किंवा पान मुलाला अजिबात नाही, कुणी कितीही कौतुकानं पुढे केलं तरी. तो धूर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा किंवा उणे ७८ अंशांच्या ड्राय आइसचा असतो. तो द्रव किंवा बर्फाचा तुकडा पोटात गेला तर आतून इजा होते.

थोरलीचं निराळं. आठ वर्षांच्या मुलीला या प्रसंगात कामं द्या, सूचना नकोत. रेस्टॉरंटचा मेनू बहुधा इंटरनेटवर असतो. दोघी मिळून आधी वाचा आणि तिचे दोन पदार्थ नक्की करा. तिथे ऑर्डर तिनंच द्यायची, वेटरच्या तोंडाकडे बघून, ‘काका, मला हे द्या,’ आणि आल्यावर ‘थँक यू’. मुलाच्या वतीनं सगळं आपण बोललो की मूल वेटरला माणूस म्हणून बघतच नाही.

काटा-सुरी शिकवायची तर घरी, लोण्याच्या बोथट सुरीनं. काटा डाव्या हातात, दात खाली. सुरी उजव्या हातात. दोन्हींच्या पाठीवर तर्जनी. काट्यानं पदार्थ धरायचा आणि सुरी काट्याच्या अगदी लगत, करवतीसारखी मागेपुढे. मुलं सुरी वरून दाबतात, म्हणून तुकडा उडून शेजारी जातो. सुरुवात हांडव्याच्या वडीवर करा, मग उकडलेला बटाटा, मग पनीर. एका वेळी एकच तुकडा कापायचा. मधे थांबायचं तर काटा-सुरी ताटलीत तिरकी, टोकं एकमेकांकडे. संपलं की दोन्ही शेजारी शेजारी समांतर. हे मात्र नक्की शिकवा, कारण समांतर ठेवलेली दिसली की वेटर अर्धी भरलेली ताटलीही उचलून नेतो, आणि मग डोळ्यांत पाणी. बाकी नॅपकिन मांडीवर, आणि कोमट पाण्यात लिंबाची फोड घातलेलं भांडं हे प्यायचं नसून बोटं बुडवायचं, एवढं सांगितलं की झालं. रोटी हातानंच खायची, पंचतारांकित हॉटेलातही. रोटीला सुरी लावणारी माणसं पाहिली की मला रोटीची दया येते.

धाकट्याला तीनच नियम द्या: बूड खुर्चीवर, आवाज टेबलापुरता, उतरायचं असेल तर आधी विचारायचं. चौथा घातलात की चारही विसरेल. दुपारचं टेबल मिळालं तर निघण्यापूर्वी, आणि रात्रीचं असेल तर पाच ते सहाच्या दरम्यान, कमाटी बागेत त्याला मनसोक्त पळू द्या. शेरवानी, नवे बूट वगैरे घालायचेच असतील तर आधी एकदा घरी दोन तास घालून बघा. टोचणारी कॉलर सगळ्या तयारीवर पाणी फिरवते. पोचल्याबरोबर आधी बाथरूम. बसल्यावर वेटरला सांगून मुलांसमोरची जास्तीची सुरी, दांडीचा ग्लास आणि मेणबत्ती उचलायला लावा, आणि साधा बुटका ग्लास अर्धाच भरा. पिशवीत कोरी वही आणि चार रंगीत खडू. आवाज करणारं काही नाही.

त्याचं जेवण झालं की, म्हणजे बसल्यापासून साधारण अर्ध्या तासानं, त्यानं मागायच्या आधी तुम्हीच त्याला उठवून लॉबीत पाच मिनिटं फिरवून आणा. कुणी कधी न्यायचं हे घरीच ठरवा. पहिली फेरी बाबांची, दुसरी काकांची, तिसरी तुमची. नाहीतर सगळ्या फेऱ्या आईच्या वाट्याला येतात आणि आईचं सूप गार होतं. मोबाइलबद्दल माझं मत फार कडक नाही. पण तो शेवटच्या वीस मिनिटांत, आवाज बंद करून. एकदा बाहेर निघालेला मोबाइल परत आत जात नाही, म्हणून आधी काढायचा नाही.

आणि रडू कोसळलंच तर? एकच मोठं माणूस, मिनिटाच्या आत, काही न बोलता त्याला घेऊन बाहेर. चार जणांनी चार बाजूंनी ‘शू, शू’ करायचं आणि काकूनं चॉकलेट दाखवायचं, यानं फक्त आवाज वाढतो. बाहेर समजूतही घालत बसू नका, पाणी द्या आणि थांबा. शांत झाला तर परत, नाही तर बाबा त्याला घेऊन घरी. त्यासाठी दोन गाड्या किंवा रिक्षाची सोय आधीच असू द्या. चमचा खाली पडला तर तिथेच राहू द्या, दुसरा मागा. पाणी सांडलं तर नॅपकिन त्यावर टाका, वेटरला सांगा, आणि बोलणं पुढे चालू. सांडल्यावर मुलाची क्षमा मागत राहणारी आई पाहून मुलालाही वाटतं, काहीतरी भयंकर घडलं.

एवढं करूनही वेळ नऊचीच राहिली तर? मग नवऱ्याचं म्हणणं निम्मं माना. थोरली पूर्ण वेळ येऊ दे. आठव्या वर्षी एखादी जागरणाची रात्र आठवणीत राहते. धाकट्याला घरी जेवू घालून न्या, आजी-आजोबांचा केक, फोटो, सूप, एवढी पाऊण तासाची हजेरी, आणि मग एक मोठं माणूस त्याच्याबरोबर घरी. दोघांनाही शेजारी ठेवणं मला पटत नाही. सासूबाईंचं खरं आहे, समारंभ त्यांचा आहे आणि त्यांना नातवंडं हवी आहेत. पण सासूबाईंनाही सांगून ठेवा, की नातू मधेच उठून गेला तर त्याला कुणी परत ओढून बसवायचं नाही.

इतर वाचकांसाठी वयाचं ढोबळ सांगते. सहा-आठ महिन्यांपर्यंतचं बाळ सगळ्यात सोपं, ते झोपतं. एक ते तीन सगळ्यात कठीण. तेव्हा अशा ठिकाणी जायचंच तर दुपारी आणि तासाभरासाठी. चार-पाचला छोट्या फेऱ्या. सहा-सातपासून दोन-तीन कोर्सचं नीट जेवण. दोन-तीन तास चालणारा टेस्टिंग मेनू, म्हणजे एकामागून एक येणारे थोडे थोडे बरेच पदार्थ, दहा-अकराच्या आधी नको, आणि तोही मुलाला खाण्यात रस असेल तरच. पण वयापेक्षा हे बघा: मूल घरच्या जेवणाला अर्धा तास बसतं का, भूक आणि बाथरूम तोंडानं सांगतं का, बाहेर मिळणारे निदान तीन पदार्थ खातं का, ‘नाही’ म्हटल्यावर सावरतं का. चारही जमत असतील तर पाचव्या वर्षीही न्या. दोनच जमत असतील तर सातव्या वर्षीही थांबा. आणि थांबल्यानं मूल मागे पडत नाही.

जाऊबाईंच्या मुलांचं म्हणाल, तर सराव जास्त म्हणून ती पुढे, इतकंच. थोरलीला चुलत भावंडांशेजारी बसवा. मुलांना मुलांकडून जे समजतं ते आपण सांगून समजत नाही, आणि तुमच्या लेकीनं त्यांना पंगतीतलं वाढणं शिकवायलाही हरकत नाही.

‘खरं सांगायचं तर मीही’ हे तुम्ही घाईत लिहिलंत, पण मला तो पत्रातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला. ताई, मेनूवरची निम्मी नावं रोज अशा ठिकाणी जेवणाऱ्यांनाही कळत नाहीत. ते फक्त न विचारता मागवतात आणि मग भलतंच खातात. ‘यात काय आहे, किती तिखट आहे, दोघांना पुरेल का,’ हे बेधडक विचारा, मराठी-गुजराती-हिंदी, जी जिभेवर येईल त्या भाषेत. सांगणं हे वेटरचं कामच आहे. चमच्यांची रांग दिसली तर बाहेरून आत यायचं. चुकलं तर तो दुसरा आणून ठेवतो. आणि तुम्ही विचारताना मुलं बघत असतील, हाही एक फायदा.

बिल दीर देणार असले तरी माहीत असू द्या: बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो, तर ७,५०० रुपयांवर खोलीभाडं असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला सहसा १८ टक्के, त्यामुळे मेनूवरची किंमत आणि बिल यांत बराच फरक दिसतो. सेवा शुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. ते लावलेलं असेल तर काढायला सांगता येतं, आणि मुलांच्या खुर्चीखालचा भात ज्यानं उचलला त्याच्या हातात थेट टीप देता येते. उरलेलं बांधून मागायला संकोच करू नका. दुसऱ्या दिवशी डब्याला होतं.